शब्द आहेत, पण बोलणं नाही : स्वमग्न मुलांचा मेंदू आणि भाषा

(तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन)



सुरुवातीलाच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे मराठीत लिहिताना माझी तारांबळ उडते. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या. पण हा लेख मला मराठी विभागातच द्यायचा होता. कारण ज्या माणसांसाठी तो लिहिला आहे, त्यांना इंग्रजी वाचता येत नाही. त्यात पहिली माझी मामी.

आपण अंबाजोगाईत शिकतो. मराठीचे आद्यकवी मानले जाणारे मुकुंदराज यांची समाधी इथे आहे. भाषेचा एवढा मोठा वारसा असलेल्या भागात, इथून काही किलोमीटरवर केज तालुक्यातल्या एका खेड्यात माझा मामेभाऊ चार वर्षांचा झाला तरी 'आई' म्हणत नव्हता. आज तो दहा वर्षांचा आहे. त्याला ऑटिझम, म्हणजेच स्वमग्नता आहे. तो सहा वर्षांचा होईपर्यंत आमच्या घरात कुणाला हा शब्दसुद्धा माहीत नव्हता.

आमच्याकडून झालेली चूक

मामा-मामी ऊसतोडीला जातात. दसरा-दिवाळीला टोळी निघते आणि एप्रिल-मेमध्ये परत येते. लेकरू त्यांच्याबरोबर कोपीत. ते बोलत नाही म्हणून घरच्यांनी जिभेला वेखंड लावून बघितलं, योगेश्वरीला नवस केला. आजी म्हणायची, "त्याचा बाप बी पाच वर्षाचा व्हईपर्यंत बोलत नव्हता. बोलंल की." एका डॉक्टरांनीही "मुलगे उशिराच बोलतात" असं सांगून परत पाठवलं. दोन वर्षं अशीच गेली.

मग मामी मला म्हणाली, "माय, तू विंग्रजी शाळेत शिकतीस, तूच शिकीव त्याला." मी तेव्हा नववीत होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी चित्रांचे कार्ड घेऊन बसले. आणि काय आश्चर्य! महिनाभरात त्याला ए पासून झेड पर्यंत सगळं पाठ झालं. एलिफंट, झेब्रा, ऑरेंज, सगळं. गल्लीतले लोक बघायला यायचे. मला स्वतःचा फार अभिमान वाटला होता.

पण तहान लागली की तो पाणी मागत नव्हता. नुसता माठाजवळ उभा राहून रडायचा. 'वॉटरमेलन' म्हणता येत होतं आणि 'पाणी दे' म्हणता येत नव्हतं. हे असं कसं? या एका प्रश्नामुळे मी पुढे याविषयी वाचत गेले. त्यातलं जे मला समजलं, ते इथे सोप्या भाषेत मांडते.

१. स्वमग्नता म्हणजे काय?

१९४३ साली अमेरिकेत डॉ. लिओ कॅनर यांनी ११ मुलांचं वर्णन प्रसिद्ध केलं. ही मुलं माणसांपेक्षा वस्तूंत रमायची, बदल झाला की अस्वस्थ व्हायची, ऐकलेली वाक्यं जशीच्या तशी परत म्हणायची आणि स्वतःला 'मी' ऐवजी 'तू' म्हणायची. कॅनर यांनी या अवस्थेला ऑटिझम म्हटलं. मराठीत 'स्वमग्नता' हा शब्द रूढ झाला आहे. पण या शब्दाने थोडा गैरसमज होतो. मूल स्वतःतच मग्न आहे, त्याला माणसं नकोत, असं वाटतं. खरं तर बऱ्याच मुलांना माणसं हवी असतात, पण माणसांपर्यंत पोचायचा रस्ता त्यांना आपल्यासारखा सापडत नाही.

हा रोग नाही, तर मेंदूच्या वाढीतला फरक आहे, आणि तो जन्माच्या आधीपासून सुरू होतो. यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. लसीमुळे हे होत नाही. तसा दावा करणारा १९९८ चा निबंध २०१० मध्ये मागे घेण्यात आला. आईच्या दुर्लक्षामुळेही होत नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण आपल्याकडे पहिलं बोट आईकडेच दाखवलं जातं. माझ्या मामीने "लेकराकडं ध्यान दिलं नाहीस" हे वाक्य किती वेळा ऐकलं असेल, देव जाणे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात साधारण १२७ माणसांमागे एकाला स्वमग्नता होती. म्हणजे तुमच्या-माझ्या गावातही अशी मुलं आहेत. फक्त त्यांना 'येडं', 'मुकं' नाहीतर 'हट्टी' म्हटलं जातं.

२. मेंदूत काय वेगळं असतं?

हा भाग मला सर्वांत आवडला, कारण आपण इलेक्ट्रॉनिक्सवाले सर्किट आणि सिग्नल या भाषेत विचार करतो.

(अ) वाढीचा वेग : २०१७ साली अमेरिकेत लहान बाळांच्या एमआरआयचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. यात ज्यांच्या मोठ्या भावंडाला स्वमग्नता आहे अशी बाळं घेतली होती. ज्यांच्यात पुढे स्वमग्नता दिसली, त्यांच्या मेंदूच्या बाहेरच्या थराचं क्षेत्रफळ ६ ते १२ महिन्यांच्या काळात जास्त वेगाने वाढलं होतं आणि दुसऱ्या वर्षात मेंदूचा आकार जास्त वाढला. म्हणजे बाहेरून काही कळायच्या आधीच फरक सुरू झालेला असतो.

(आ) विरळणी : शेतात दाट उगवलं की आपण विरळणी करतो. काही रोपं काढतो म्हणजे राहिलेली जोमाने वाढतात. मेंदूही हेच करतो. लहानपणी पेशींमध्ये गरजेपेक्षा जास्त जोडण्या तयार होतात आणि नंतर त्यातल्या बऱ्याच कमी केल्या जातात. कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये मृत्यूनंतर दान केलेल्या मेंदूंचा अभ्यास केला. कानशिलाच्या आतल्या भागात बालपण संपेपर्यंत इतर मुलांमध्ये या जोडण्या जवळजवळ निम्म्याने कमी झाल्या होत्या, तर स्वमग्न मुलांमध्ये फक्त १६ टक्क्यांनी. जोडण्या जास्त असल्या म्हणजे काम चांगलं होतंच असं नाही. एकाच वेळी सगळीकडून सिग्नल आले तर गोंगाट वाढतो.

(इ) भाषेची जागा : बहुतेक माणसांत भाषेचं काम मेंदूच्या डाव्या बाजूला जास्त चालतं. २०१२ च्या एका अभ्यासात १ ते ४ वर्षांच्या मुलांना झोपेत असताना एमआरआय मशीनमध्ये गोष्टी ऐकवल्या. (झोपेतही मेंदू ऐकत असतो!) इतर मुलांचा डावा भाग जास्त जागा झाला. स्वमग्न मुलांत डाव्या भागाचा प्रतिसाद कमी होता आणि उजव्या बाजूचा सहभाग जास्त होता. २०१५ मध्ये त्याच गटाने आणखी एक गोष्ट दाखवली. ज्या स्वमग्न मुलांची भाषा पुढे चांगली सुधारली, त्यांच्या मेंदूचा प्रतिसाद लहानपणीही बराचसा इतर मुलांसारखाच होता. म्हणजे 'स्वमग्नता' हे नाव एक असलं तरी आत वेगवेगळे प्रकार आहेत.

(ई) आवाजाची गोडी : हा अभ्यास वाचून मी थोडा वेळ पुस्तक बाजूला ठेवलं. २०१३ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात असं दिसलं, की स्वमग्न मुलांमध्ये माणसाचा आवाज ओळखणारा भाग आणि आनंद देणारे भाग यांच्यातली जोडणी कमकुवत असते. आपल्याला आईची हाक ऐकून बरं वाटतं, म्हणून आपण वळतो. या मुलांना हाक ऐकू येते, पण ती वळावंसं वाटण्याइतकी गोड लागत नसावी.

एक सूचना महत्त्वाची. हे सगळे निष्कर्ष अनेक मुलांच्या सरासरीचे आहेत. एका मुलाचा एमआरआय काढून त्याला स्वमग्नता आहे की नाही, हे ठरवता येत नाही. निदान मुलाचं वागणं बघून, पालकांशी बोलून होतं. त्यामुळे फक्त यासाठी कर्ज काढून स्कॅन करायची गरज नाही.

३. भाषा कुठे रुजते आणि कुठे अडते?

आपल्याला वाटतं, मूल शब्द ऐकतं, शब्द साठवतं आणि मग बोलतं. पण शब्दांच्या आधी एक पायरी असते. वर्षाच्या आसपासचं बाळ कावळा दिसला की बोट दाखवतं, मग आईकडे बघतं, परत कावळ्याकडे बघतं. आई म्हणते, "काऊ आला, काऊ!" बाळ, आई आणि कावळा, असा त्रिकोण तयार होतो. दोघांचं लक्ष एकाच गोष्टीवर आहे आणि हे दोघांनाही माहीत आहे. त्या क्षणी 'काऊ' हा शब्द नुसता आवाज राहत नाही, त्याला अर्थ चिकटतो.

स्वमग्न मुलांमध्ये बऱ्याचदा हा त्रिकोणच नीट बसत नाही. २०१३ चा आणखी एक अभ्यास सांगतो, की पुढे स्वमग्नता दिसलेल्या बाळांचं समोरच्याच्या डोळ्यांकडे बघणं २ ते ६ महिन्यांच्या वयापासूनच हळूहळू कमी होत गेलं होतं. म्हणजे दिवसातले असे शेकडो धडे रोज थोडेथोडे बुडत जातात.

आता माझ्या कार्डांचं कोडं सुटतं. माझ्या मामेभावाची स्मरणशक्ती उत्तम होती. चित्र आणि आवाज यांची जोडी त्याने पाठ केली. पण शब्द दुसऱ्या माणसाला काहीतरी सांगण्यासाठी असतो, ही गोष्ट कार्डांवर छापलेली नव्हती. असंच काहीसं ट्युनिशिया देशात दिसलं आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, तिथली काही स्वमग्न मुलं घरातली अरबी बोली सोडून टीव्हीवरची प्रमाण अरबी बोलतात. त्यांना भाषा आली, पण ती माणसांकडून नाही, पडद्यावरून.

इथे एक गैरसमज दूर करते. "दोन भाषा बोलू नका, मूल गोंधळेल", "घरातली भाषा सोडा आणि इंग्रजीच बोला" असे सल्ले पालकांना मिळतात. पण दोन भाषा ऐकणाऱ्या स्वमग्न मुलांचा अभ्यास झाला तेव्हा त्यांची भाषा एकच भाषा ऐकणाऱ्या स्वमग्न मुलांपेक्षा मागे पडलेली आढळली नाही. उलट, आई ज्या भाषेत रागावते, लाड करते, गाणं म्हणते, त्या भाषेतच ती मुलाशी सहज बोलू शकते. मग ती मराठी असो, तांड्यावरची गोरमाटी असो की दखनी उर्दू. मामीला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून त्या महिन्यात ती लेकराशी बोलायचीच कमी झाली होती. ही माझी चूक.

४. 'गाडी आली, उठ गं'

मामेभाऊ पाच वर्षांचा असताना एक वाक्य बोलायला लागला, "गाडी आली, उठ गं." दिवसातून कितीतरी वेळा. मामाला, आजोबांना, कुणालाही "उठ गं" म्हणायचा आणि सगळे हसायचे. पोरगा पोपटासारखा बोलतो, म्हणायचे.

हे वाक्य मामाचं होतं. कारखान्यावर पहाटे तीनला ऊस भरायला गाडी येते. तेव्हा मामा मामीला उठवताना हेच म्हणतो. अंधार, इंजिनाचा आवाज, लाईटचा झोत, आणि लेकरू दचकून जागं व्हायचं. मामीच्याच एकदा लक्षात आलं, की लग्नात बँड वाजला, कुत्रं भुंकलं, अनोळखी माणसं आली की तो हे वाक्य म्हणतो. म्हणजे त्याचा अर्थ होता, "मला भीती वाटते."

ऐकलेलं जसंच्या तसं बोलण्याला इंग्रजीत इकोलेलिया म्हणतात. पूर्वी याला निरर्थक समजून बंद करायचा प्रयत्न व्हायचा. १९८१ मध्ये बॅरी प्रिझंट आणि ज्युडिथ डशन यांनी मुलांच्या अशा वाक्यांचा बारकाईने अभ्यास केला आणि दाखवलं, की त्यांतून मुलं उत्तर देतात, मागतात, आपली पाळी घेतात. शब्द सुटे न करता अख्खं वाक्य एकाच गाठोड्यात उचलायचं, ही त्यांची भाषा शिकण्याची पद्धत आहे.

मराठीत हे पटकन ओळखू येतं, कारण आपल्या क्रियापदाला लिंग आहे. आई म्हणते, "मी देते." स्वमग्न मुलगाही म्हणतो, "मी देते." चहा हवा असेल तर म्हणतो, "तुला चहा पाहिजे का?" कारण चहा मिळायच्या आधी हेच ऐकू येतं. हसू नका. त्याच्या जागी उभं राहून योग्य वाक्य सांगा, "मला चहा पाहिजे." मामी "गाडी आली" ऐकलं की त्याला जवळ घेऊन म्हणायची, "भ्या वाटलं? चल, घरी जाऊ." सात-आठ महिन्यांनी बँड वाजल्यावर तो स्वतः म्हणाला, "घरी जाऊ." हे त्याचं पहिलं स्वतःचं वाक्य.

५. आधी कान तपासा

आमच्याकडे सगळे म्हणायचे, बिस्किटाचा पुडा फोडला की पळत येतो, म्हणजे ऐकू येतं. पण एवढ्यावर विसंबू नये. काही ठरावीक आवाज ऐकू येतात आणि बाकीचे येत नाहीत, असंही होऊ शकतं. म्हणून बोलणं उशिरा असेल तर पहिली तपासणी कानाची. लहान मुलांसाठी 'बेरा' चाचणी करतात. झोपलेल्या मुलाच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावून कानात टिकटिक आवाज सोडतात आणि मेंदूकडे जाणाऱ्या नसांचा प्रतिसाद मोजतात. हा सिग्नल व्होल्टच्या दहा लाखाव्या भागापेक्षाही छोटा असतो आणि गोंगाटात बुडालेला असतो. मग हजारो वेळा आवाज सोडून सरासरी काढतात. गोंगाट कमी होतो आणि सिग्नल वर येतो. आपण सिग्नल प्रोसेसिंगच्या तासाला जे शिकतो, तेच इथे एका लेकरासाठी वापरलं जातं!

६. गोव्यात झालेला प्रयोग

"हे सगळं मुंबई-पुण्याच्या लोकांना ठीक आहे, खेड्यात स्पीच थेरपिस्ट कुठून आणायचा?" हा प्रश्न बरोबर आहे. त्यावर गोव्यातल्या 'संगात' या संस्थेचं काम वाचण्यासारखं आहे. गोवा आणि पाकिस्तानातलं रावळपिंडी इथे २ ते ९ वर्षांच्या ६५ स्वमग्न मुलांबरोबर एक चाचणी झाली, ती २०१६ मध्ये 'लॅन्सेट सायकियाट्री'त छापून आली. यात घरी जाणारे कार्यकर्ते डॉक्टर किंवा थेरपिस्ट नव्हते, तर प्रशिक्षण दिलेले साधे आरोग्य कार्यकर्ते होते. सहा महिन्यांत साधारण तासाभराच्या १२ बैठका. पालक मुलाशी खेळतात, त्याचा व्हिडिओ काढतात, मग तो पालकांबरोबर बसून बघतात. कुठे मुलाने बघितलं, कुठे पालकांनी घाई केली, हे पालकांना स्वतःच दिसतं.

शिकवायचं ते साधंच आहे. मूल ज्याच्याकडे बघतंय त्याच्याकडे तुम्ही बघा. प्रश्न आणि हुकूम कमी करा. छोटं वाक्य बोला. मग थांबा, त्याला वेळ द्या.

निकाल काय लागला? पालक मुलाच्या कलाने बोलायला लागले आणि मुलं स्वतःहून पालकांशी जास्त संवाद सुरू करू लागली. प्रामाणिकपणे हेही सांगते, की दोघांचं लक्ष एकत्र असण्याचा वेळ मात्र वाढला नाही, उलट कमी भरला. मुलं घडाघडा बोलायला लागली असा दावाही संशोधकांनी केला नाही. पण तज्ज्ञ नसलेल्या माणसांकडून हे काम होऊ शकतं, हे सिद्ध झालं. आपल्यासाठी ही मोठी गोष्ट आहे.

आशा ठेवायला आणखी एक कारण. २०१३ च्या एका अभ्यासात, चार वर्षांचं होऊनही बोलणं फारच मागे असलेल्या ५३५ स्वमग्न मुलांची माहिती तपासली. ८ वर्षांपर्यंत किंवा त्यानंतर त्यातली ७० टक्के मुलं शब्द जोडून बोलू लागली होती आणि जवळजवळ निम्मी सफाईने बोलत होती. म्हणजे चार वर्षांना दार बंद होत नाही. तरीही "बोलंल की" म्हणत वाट बघणं वेगळं आणि काम करत वाट बघणं वेगळं.

७. आपल्या जिल्ह्यात काय करता येईल?

बाळाच्या बाबतीत ही लक्षणं दिसली तर थांबू नका :

• १२ महिन्यांपर्यंत बडबड नाही, बोट दाखवत नाही, टाटा करत नाही, नावाने हाक मारली तर वळत नाही.
• १६ महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही.
• २४ महिन्यांपर्यंत स्वतःहून दोन शब्द जोडत नाही (नुसती नक्कल धरायची नाही).
• कोणत्याही वयात, येत असलेले शब्द गेले.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच राज्यात पालघर इथे सुरू झाला. त्यात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेतल्या मुलांची एकदा तपासणी करायची असते. उशिरा बोलणं आणि स्वमग्नता या दोन्ही गोष्टी त्या यादीत आहेत. पुढच्या उपचारांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्राची तरतूद आहे. पण पथक अंगणवाडीत येतं तेव्हा ऊसतोड कामगाराचं लेकरू सांगली-कोल्हापूरकडे किंवा कर्नाटकात फडावर असेल, तर त्याची तपासणी कोण करणार? माझ्या मामेभावाचं असंच राहून गेलं. म्हणून टोळी निघायच्या आधी किंवा परत आल्यावर स्वतः जाऊन तपासणी मागून घ्यायला हवी.

कायद्याचीही मदत आहे. १९९५ च्या अपंग कायद्यात स्वमग्नतेचं नाव नव्हतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारांमध्ये ती आहे, त्यामुळे प्रमाणपत्र मिळतं. राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' ही १ लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजनाही आहे.

८. आणि आपण इंजिनिअर?

चेन्नईच्या अजित नारायणन या इंजिनिअरने 'आवाज' हे साधन बनवलं. न बोलणारं मूल चित्रावर बोट ठेवतं आणि यंत्र ते वाक्य बोलतं. आयआयटी मुंबईच्या आयडीसी विभागाने 'जेलो' हे मोफत ॲप केलं, ते मराठीतही आहे. चित्रांची सवय लागली तर मूल बोलायचंच सोडून देईल, अशी भीती पालकांना वाटते. पण आजवरच्या अभ्यासांत तसं दिसलेलं नाही. बऱ्याच मुलांचं बोलणं उलट थोडं वाढलेलं आढळलं. पण त्या चित्रांत कोयता, कोपी, भाकरी, बैलगाडी कुठे आहे? आपल्या भागातले शब्द आणि आपल्या भागातला आवाज असलेलं असं साधन शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला कुणीतरी नक्की करावं. मी तर ठरवलं आहे.

शेवटी

गेल्या उन्हाळ्यात मी मामाकडे ओट्यावर अभ्यास करत बसले होते. मामेभाऊ आला, माझी ओढणी ओढली, लिंबाच्या झाडाकडे बोट केलं आणि म्हणाला, "ताई, बघ." झाडावर खार होती. तो खारीकडे बघत होता, मग माझ्याकडे, परत खारीकडे.

चार वर्षांचा असताना त्याला मी शिकवलेले सव्वीस इंग्रजी शब्द येत होते. 'बघ' यायला नववं वर्ष संपावं लागलं. त्याला खार नको होती, काही मागायचं नव्हतं. फक्त ती मीही बघावी, एवढंच हवं होतं. मामी चुलीपुढून उठून आली होती. ती काही बोलली नाही, पदराने डोळे पुसले.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या गल्लीत, वाडीत, तांड्यावर असं न बोलणारं लेकरू असेल, तर त्याला येडं म्हणू नका आणि त्याच्या आईला दोष देऊ नका. वेखंड आणि नवस ज्याच्या-त्याच्या श्रद्धेचा भाग, पण तेवढ्यावर थांबू नका. कान तपासा, जिल्हा रुग्णालयात न्या, आणि आजपासूनच घरच्या भाषेत, त्याच्या शेजारी बसून, ते जिकडे बघतंय तिकडे बघा. कदाचित उशीर लागेल. पण एक दिवस ते तुम्हालाही म्हणेल, "बघ."